ठरावाखालची सही

मंगळवार, संध्याकाळ

आज सुनीतानं पेनाचं टोपण परत लावलं, तेच डोक्यातून जाईना.

वरून आदेश आलाय. पट कमी म्हणून आपली शाळा बंद करायची आणि मुलं वारंगा फाट्याच्या शाळेत न्यायची. त्याला पालकांच्या समितीचा ठराव लागतो. तो छापूनच आलाय, फक्त गावाचं नाव भरायचं. सुनीता समितीची अध्यक्ष, तिची धाकटी दुसरीत आहे. आजवर मी कागद पुढं सरकवायचो, ती सही करायची. आज म्हणाली, "सर, वाचून दाखवा की."

वाचलं. 'सर्व पालकांनी बैठकीत आनंदाने संमती दिली.'

"बैठक कवा झाली? आमी कवा व्हय म्हणलो? लेकरं हायवे कशी वलांडतील?"

"गाडी देणार आहेत."

"लिहिलंय का त्याच्यात?"

नव्हतं. तिनं टोपण लावलं, पेन टेबलावर ठेवलं आणि गेली.

मग शिक्षण खात्यातल्या साहेबांचा फोन, सही झाली का म्हणून. अध्यक्षबाई गावाला गेल्यात, असं सांगून टाकलं. खोटं काहून बोललो? तिला वाचवायला, की उद्या पुन्हा गळ घालायला? खरंच कंटाळा आलाय या सगळ्याचा.

वाचल्याशिवाय सही करायची नाही, हे याच शाळेत, चौथीत, मीच तिला शिकवलं होतं. इतक्या वर्षांनी तिला ते आठवलं. आणि टोपण लागल्याचा तो आवाज आला तेव्हा मला राग आला. साहेबांचा नाही, तिचाच.