पांढरा दिवा कोणीही वाढवू नये

मी, खाली सही करणारा, वय वर्षे सत्तावन्न, व्यवसाय पाठ्यपुस्तकांचे मुद्रितशोधन, शिक्षण संस्कृत घेऊन एम. ए., आज पूर्ण शुद्धीत आणि स्वतःच्या मर्जीने ही माझी इच्छा लिहून ठेवत आहे. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. अपवाद एकच: आमच्या बाहेरच्या खोलीत येऊन "जरा उजेड करा की, काही दिसत नाही" म्हणणाऱ्या समस्त पाहुण्यांचा. त्यांच्याविरुद्ध माझी तक्रार सर्वप्रथम नोंदवून घ्यावी. भिंतीलगतच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीवर टांगलेला एलईडी दिवा तिच्यातल्या प्रवाळांसाठी आहे. पाहुण्यांना वर्तमानपत्र वाचता यावे, हा त्याचा हेतू कधीच नव्हता. वाचायचे असेल त्यांनी गॅलरीत जावे आणि शक्यतो तिथूनच परस्पर घरी जावे.

कलम पहिले. राहते घर, त्यातील सामान आणि बँकेतील शिल्लक, सर्व स्वकष्टार्जित, माझ्या पश्चात माझ्या पत्नीचे. यावर कोणी वाद घालू नये. कोण घालेल ते मला ठाऊक आहे, आणि त्यालाही ठाऊक आहे.

कलम दुसरे. उपरोक्त टाकी, तिच्यातले प्रवाळ आणि मासे, दिवा आणि त्याचे ॲप असलेला मोबाईल हेही तिचेच. हे मी प्रेमापोटी लिहीत नसून न्यायाने लिहीत आहे. या दिव्यात निळा आणि पांढरा असे दोन उजेड आहेत, आणि दोन्ही ॲपवरून शून्य ते शंभर टक्के कमीजास्त करता येतात. दिवा आणला तेव्हा दुकानदार म्हणाला की पूर्ण लावा, समुद्रात काय ऊन कमी असते? पूर्ण लावला. पहिले प्रवाळ पांढरेफटक पडून मेले. मग घाबरून दिवा इतका मंद केला की दुसरे तपकिरी पडून नुसते बसून राहिले. तेव्हा मी तक्ते आखले, सातासमुद्रापलीकडच्या तज्ज्ञांशी पत्रव्यवहार केला आणि त्यांच्या मतांप्रमाणे रोज आकडे बदलले. तज्ज्ञांची मते जितकी, तितके माझे आकडे.

पत्नी त्या काळात टाकीसमोर खुर्ची टाकून भाजी निवडत बसे. एकदा मान वर न करता म्हणाली, "तुम्ही मोबाईलकडे बघता. त्यांच्याकडे बघा ना. पांढरा वाढवलात की ते बोटं आत ओढून घेतात."

मी बघितले. घेत होते. तिच्या सांगण्यावरून दिवा वीतभर वर टांगला, निळा साठावर कायम केला आणि पांढरा शून्यापासून आठवड्याला एकेक टक्का चढवत नेला. ती "बास" म्हणाली तिथे थांबलो. बारावर. निळ्या उजेडात आपल्याला अंधारल्यासारखे वाटते. प्रवाळांचे मात्र त्यावर पोट भरते. ही विद्या माझ्याजवळ आकड्यांपुरतीच आहे. उद्या दिवा बदलला, तर नवा आकडा तिलाच सापडेल, मला नाही.

कलम तिसरे. माझ्या धाकट्या भावास मी न्हाणीघरातली ट्यूबलाइट देतो. तिला फक्त एक बटण आहे, चालू आणि बंद. याहून अधिक अधिकार त्याच्या हाती देणे धोक्याचे आहे.

कारण असे. आम्ही आठवडाभर मेहुणीकडे गेलो होतो. माशांना खाणे घालण्यासाठी किल्ली भावाकडे होती, आणि दिवा बंद पडलाच तर लावता यावा म्हणून माझ्या मूर्खपणाने ॲपही. त्याने मित्रांना बोलावले, फोटो चांगले यावेत म्हणून पांढरा दिवा शंभरावर नेला आणि तसाच ठेवला. आम्ही परतलो तेव्हा जांभळे प्रवाळ फिकट गुलाबी झाले होते आणि हिरवे पिकल्या लिंबाच्या सालीसारखे.

"बघ दादा," तो म्हणाला, "आधी कसं मळकट दिसायचं. उजळलं की नाही?"

कुटुंबाच्या ग्रुपवर त्याचे फोटो आधीच पोचले होते. अप्रतिम, डोळ्यांचे पारणे फिटले, वगैरे. ज्याला हे लोक मळ म्हणतात ते प्रवाळाच्या अंगात राहणारे बारीक शेवाळ असते, आणि तेच त्याला अन्न करून घालते. उजेड सोसेनासा झाला की प्रवाळ त्याला घराबाहेर काढतो. मग उरते ती पारदर्शक कातडी आणि तिच्याखालून दिसणारा सांगाडा. माझे नातलग उपाशी जीवाच्या हाडांचे कौतुक करत होते. हे मी भावाला समजावले, तर म्हणाला, एवढे काय, पाण्यातले झाडच तर आहे. प्रवाळ प्राणी आहे. या गृहस्थाला अपमानसुद्धा अचूक करता येत नाही.

पत्नीने त्याच दिवशी पांढरा शून्यावर आणला, निळा निम्मा केला आणि पुन्हा पहिल्यापासून चढवायला घेतला. काही प्रवाळांवर मळकटपणा परत येतो आहे. काहींवर नाही.

कलम चौथे. कुटुंबाच्या ग्रुपमधील उर्वरित मंडळींस काहीही देत नाही. त्याच आठवड्यात, त्याच उत्साहाने, यांनी माझ्या पत्नीचेही कौतुक केले. "वहिनी, काय छान बारीक झालात!" भावजयीने तर आहाराचा तक्ता मागितला. तक्ता नाही. ती निम्मे ताट तसेच सारते, एवढाच आहार. जिना चढताना मधल्या मजल्यावर काहीतरी बघितल्यासारखे करून थांबते. मी डॉक्टरकडे चल म्हटले की हसते.

"लोक घाम गाळून बारीक होतात. मला फुकटात मिळालंय, तर तुमच्या का पोटात दुखतं?"

सगळ्यांनी वाहवा करून तिला हा प्रश्न शिकवला, त्याबद्दल मी एकालाही क्षमा करत नाही. हे कलम ग्रुपवर वाचून दाखवावे.

कलम पाचवे. खालच्या मजल्यावरच्या घड्याळजींना माझे ड्रिल यंत्र द्यायचे होते. परंतु साक्षीदाराला काही ठेवू नये, असा वकिलांचा सल्ला आहे. तस्मात् ते आजच, हयातीत, देऊन टाकतो. नाहीतरी गेले वर्षभर ते त्यांच्याकडेच आहे.

कलम सहावे. वकिलांच्या मते इथे आणखी एक वाक्य लागते: पत्नी माझ्या आधी गेल्यास हे सर्व कोणाला. "रीतच आहे साहेब. भावाचं नाव घालू?" असे त्यांनी पेनाचे टोपण काढता काढता विचारले. मी त्यांना टोपण लावायला सांगितले. रीत असेल. हे कलम मी लिहिणार नाही.

कलम सातवे आणि शेवटचे. हेच वकील पूर्वी सहज बोलून गेले होते की साक्षीला डॉक्टर असला तर लिहिणाऱ्याच्या शुद्धीबद्दल पुढे कोणी शंका काढत नाही. ते ऐकले आणि मी मृत्युपत्र करायला घेतले. मला मरायची घाई नाही, आणि माझी शुद्धही ठीक आहे.

डॉक्टरबाई, सहीआधी आपण हे वाचाल, म्हणून इथेच लिहितो. आत्ता माझी पत्नी आपल्यासाठी पाणी घेऊन येईल. तिच्याकडे नीट बघा. काहीतरी निमित्त काढून नाडी धरा, आणि तिला उद्या दवाखान्यात बोलवा. माझे ती ऐकत नाही, आपले ऐकेल. माझ्यामागे टाकीचे काय होईल, याची मला काळजी नाही. ती माझ्या आधी जाईल, अशी मला भीती वाटते.

लिहून ठेवणार: (सही)

साक्षीदार पहिले: घड्याळजी, तळमजला (सही)

साक्षीदार दुसऱ्या: डॉक्टरबाई (सही तपासणीनंतर)

स्थळ: राहते घर, बाहेरची खोली

दिनांक: डॉक्टरबाई घालतील तो