गियरची की बिनगियरची

जुळे सोलापूर
ता. ४ नोव्हेंबर २०२५

चि. अभिमन्यूस,
आजीचा पोटभर आशीर्वाद. पत्र पाहून दचकू नकोस, कुणी गेलं नाही. इकडे सगळे जागच्या जागी आहेत आणि एकमेकांवर ओरडायला ताकद आहे, म्हणजे बरेच म्हणायचे.

लिहिते आहे ती शेजारची दानम्मा. शाळेतून निवृत्त झाल्यापासून हिला तपासायला वह्या मिळत नाहीत, म्हणून मला धरलंय. मी 'हाय' म्हणते, ती 'आहे' लिहिते. मी 'लई' म्हणते, ती 'फार' लिहिते. माझं बोलणं असं इस्त्री होऊन तुझ्याकडे येतंय, ओळखून घे.

फोन का केला नाही म्हणशील. मला ऐकू यायचं तर स्पीकर लावावा लागतो, आणि मी बोलायला लागले की सात रस्ता चौकापर्यंत जातं. काही गोष्टी सात रस्त्यापर्यंत न्यायच्या नसतात.

तर गाडीचं. तू दिवाळीला आलास आणि बापाला म्हणालास, "आप्पा, जन्मभर साहेबांची जीप चालवली, आता स्वतःची चालवा. चिखलात न अडकणारी, चारी चाकं ओढणारी घेऊ. कुठली ते तुम्ही ठरवा." एवढं बोलून तू पुण्याला गेलास. ठरवणं आमच्या गळ्यात पडलं. रोज जेवणं झाली की तुझा बाप, जोती, फोन मधे ठेवतो आणि आम्ही सगळे त्याच्याभोवती, भाकरी फुगते का बघतात तसे बघत बसतो.

आधी दारं. तीन की पाच? पाचवं दार म्हणजे मागचं सामानाचं, हे मला कळेपर्यंत मी घरातली माणसं मोजत होते. तीन दारांची असली तर मागं बसणाऱ्यानं पुढची सीट दुमडून, वाकून आत शिरायचं. जोतीला तीच आवडलीय. आखूड असते म्हणे, अरुंद बांधावर चटकन वळते. मी म्हटलं, "मला मग पोत्यासारखी मागच्या दारानं टाकणार हायेस का?" तर म्हणतो, "आई, तू पुढं बस की." "आन् वच्छला?" "ती शिरंल." तुझ्या आईने मान वरसुद्धा केली नाही. हल्ली ती गाडीचं काही बोलतच नाही. विचारलं तर म्हणते, "त्यास्नी आवडंल ते."

मग इंजिन. तुझी बहीण संस्कृती म्हणाली, "आप्पा, पेट्रोलची घ्या, आवाज कमी असतो." तुझा बाप असा बघायला लागला, जसं काही पोरीनं मंगळवेढ्याचं रान विकायला काढलंय. "काळ्या रानात वस्तीपतूर जायचंय. चिकलात हळू चालवताना जोर डिझेलच धरतंय. पेट्रोल तितं रडंल." मी म्हटलं, "मग बैलच घ्या की. त्याला दार बी न्हाय, गियर बी न्हाय, आन् आवाज आपल्यापेक्षा कमी." संस्कृती हसली. जोतीही हसला. हसताना अजून लहानपणीसारखा डोळे मिटतो.

डिझेलचं माझं काही म्हणणं नाही. डिझेल घे.

राहिलं गियर. ती बिनगियरची, क्लच नसलेली गाडी जोतीला अजिबात नको. "पाय मोकळा टाकून बसायचं असंल तर घरात पाळणा हाय की," म्हणतो. त्याच्या हाताला, पायाला जीपची सवय आहे हे खरं. खात्यात त्याचा नावलौकिक होता. साहेब मागं झोपायचे आणि गियर बदललेला त्यांना कळायचा नाही, असं तो सांगतो. साहेब जागे असते तरी त्यानं हेच सांगितलं असतं, ते सोड.

पण अभी, तू बिनगियरचीच घे. कारण विचारू नकोस. म्हातारीच्या मानेला हिसका बसतो असं समज.

आता चपलेचं सांगते. जोतीची चप्पल हल्ली पायात राहत नाही. परवा भर दुपारी सिद्धेश्वराच्या देवळातून आला, तो एकाच पायात चप्पल घालून. रस्ता तव्यासारखा तापला होता. म्हटलं, "जोती, पाय भाजला न्हाय का रं?" तर खाली बघून म्हणतो, "आरं, व्हय की." खाली बघून, अभी.

दानम्मा विचारते, गाडीच्या पत्रात चप्पल कशाला? मी म्हटलं, लिही बाई, तू मास्तरीण आहेस, फौजदार नव्हेस.

आणखी एक मागणं. गाडीबरोबर एखादा ड्रायव्हरही बघ. जोती शेजारी बसून त्याला चुका दाखवेल, त्याचा दिवस बरा जाईल. हे मी माझ्यासाठी मागते आहे, त्याचं नाव काढू नकोस.

जास्त सांगत नाही. सांगता येत असतं तर पाच दारांचं एवढं दळण दळलंच नसतं. तू हुशार आहेस, घे समजून.

तुझी आजी


जुळे सोलापूर
ता. १ डिसेंबर २०२५

चि. अभिमन्यूस,
आशीर्वाद. तब्येतीला जप.

माझ्या पत्रावर तू फोनवर केवढा हसलास. "आजीला पाच दारं पाहिजेत, आजीला हिसका नको, आजीला ड्रायव्हर पाहिजे, आजी म्हणजे मंत्रीणच झाली!" आणि पाच दारांची, डिझेलची, बिनगियरची गाडी, वर माझ्यासाठी चढायला जादा पायरी, असं सगळं ठरवून मोकळा झालास. ड्रायव्हर तेवढा विसरलास. मला वाटलं, पोराला काही कळलं नाही. आता तसं वाटत नाही. का ते पुढे सांगते.

शनिवारी गाडी आली. तुला रजा मिळाली नाही, तू फोनच्या पडद्यावर होतास. पण फोन संस्कृतीच्या हातून पडला, म्हणून तुला आभाळ दिसलं आणि आमचा आरडाओरडा ऐकू आला. जे दिसलं नाही ते मी सांगते.

जोतीने गाडी दुकानातून स्वतः आणली. इस्त्रीचा पांढरा शर्ट, कपाळाला गंध. फाटकासमोर आणून उभी केली. चाकांखाली लिंबं ठेवली, नारळ वाढवला, बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं. आता ओवाळायचं, आणि मग गाडी लिंबांवरून पुढे घ्यायची. ओवाळणारी बाई गाडीच्या पुढ्यात उभी राहते. आपल्याकडे बैल असो, ट्रॅक्टर असो, तोंडासमोर उभं राहूनच ओवाळतात.

तुझी आई बाजूला उभी राहिली.

पुढ्यात नाही, बाजूला, पार आरशाच्या मागे. तिथून हात लांब करून ताट फिरवत होती, ते कसंतरीच दिसत होतं. मी तिला "पुढं हो" म्हणणार होते, आणि म्हटलं नाही. कारण मी स्वतः कुठे बसले होते? संस्कृतीने माझी खुर्ची सकाळीच उचलून वर कट्ट्यावर, खांबाच्या आडोशाला ठेवली होती. "आजी, हितनं चांगलं दिसतंय," म्हणाली. हितनं खांबाशिवाय काही दिसत नव्हतं. मीही मुकाट्याने बसले होते.

जोती आतून म्हणाला, "सोडू का?" वच्छला म्हणाली, "हळू हां." आणि गाडीने अशी उडी घेतली की लिंबं फुटलेली कुणी पाहिलीच नाहीत. फाटकापुढून सरळ जाऊन दानम्माच्या भिंतीत शिरली. भिंत पडली, जास्वंद आडवी झाली. ती जास्वंदवाली आत्ता माझ्या समोर बसून लिहिते आहे आणि 'थोडी पडली' असं लिहू का विचारते आहे. लिही बाई, सगळी पडली.

माणसाला काही झालं नाही. पुढ्यात कुणी नव्हतंच ना.

जोती खाली उतरला. तोंड पांढरं पडलेलं. मागे वळून बघतो तर त्याची चप्पल आत पेडलपाशी राहिलेली. ती वच्छलानं पटकन काढून पदराआड घेतली. तो म्हणाला, "ह्या गाडीचंच कायतरी चुकतंय. पाय ठेवायच्या आदीच पळतीया." आणि आम्ही तिघीही म्हणालो, "व्हय, गाडीच बिघडलेली हाय." गाडी कशी असते ते मला काय ठाऊक, पण मी सगळ्यांत मोठ्यानं म्हटलं.

आता तो म्हणतो, बिनगियरचीमुळेच हे झालं, क्लच असता तर गाडी ताब्यात राहिली असती. ही परत करून गियरची आणायची. तू काल त्याला म्हणालास, "बघतो आप्पा." काय बघणार आहेस?

त्या दिवशी दुपारी मी सैपाकघरात गेले. वच्छला ती चप्पल धूत होती. धुण्यासारखं तिला काही लागलेलं नव्हतं. मी म्हटलं, "वच्छे, तू पुढं का उभी न्हाय राहिलीस?"

ती म्हणाली, "तुमी कट्ट्यावर का बसला हुता, आत्ती?"

तिने चप्पल पुन्हा पाण्यात बुडवली. मग दारातून संस्कृती म्हणाली, "तुमाला बी घातलीय शपत?"

तर असं. दिवाळीच्या पहिल्या अंघोळीला जोतीने पायावर उकळतं पाणी ओतून घेतलं. कातडी सोलून निघाली आणि हा म्हणतो, "कोमट हाय की." मी तेव्हा तिथेच उटणं घेऊन उभी होते. त्याने माझा हात ओढून आपल्या डोक्यावर ठेवला. "आई, माझी शपत. घरात कुनाला सांगायचं न्हाय. अभीला तर न्हायच न्हाय." आईचा हात लेकाच्या डोक्यावर ठेवल्यावर ती बाई काय बोलणार? मोडली आणि त्याला काही झालं तर? म्हणून मी तुला दारं सांगितली, चप्पल सांगितली, मान सांगितली. खरं तेवढं टाळलं.

वच्छलाला त्याने हीच शपथ घातली होती. संस्कृतीलाही. एकाच डोक्यावर तीन हात, आणि एकीचा दुसरीला पत्ता नाही. एका चुलीपुढे बसून भाकऱ्या थापायच्या, त्याच्या पायाला लपूनछपून मलम लावायचं, आणि एकीनं दुसरीला सांगायचं, "बरं हाय की त्यांचं." वच्छला रडली. मला हसू आलं, मग तेही गेलं.

आता तुझं. फोन पडला, आरडाओरडा झाला, तेव्हा तुझा पहिला शब्द संस्कृतीने ऐकला. तू ओरडलास, "आप्पांचा पाय कुठं होता?" कुणाला लागलं का, हे तू विचारलं नाहीस. गाडी भिंतीवर गेली की कुणी पायाचं विचारतं का रे? तू दिवाळीला इथेच होतास. तुझाही हात त्या डोक्यावर ठेवलाय ना त्याने? आणि म्हणून तू बिनगियरची घेतलीस. वाटलं, डाव्या पायाचं काम राहिलं नाही की झालं. बाळा, उजवाही तसाच आहे. दोन्ही पाय त्याला आता डोळ्यांनी शोधावे लागतात. तीन पेडल काय, दोन काय, तीन दारं काय, पाच काय.

मोडली मी शपथ. लिही दानम्मा, मोडली. त्याचं जे काही पाप असेल ते माझ्या अंगावर येऊ दे, माझं आता राहिलंय किती.

त्याला डॉक्टरकडे चल म्हटलं की म्हणतो, "शुगर गोळीनं खाली येती." गाडीचं नाव काढावं तर त्याचं तोंड बघवत नाही. सकाळी उठून तो त्या चेपलेल्या गाडीला फडकं मारतो. सगळी नोकरी ज्याने दुसऱ्याला पोचवलं, त्याला तू चालवायची नाही, असं मी कुठल्या तोंडाने सांगू? वच्छला सांगणार नाही. पोर सांगणार नाही. तू पुण्यात.

थांब. जोती आलाय.

दारात उभा आहे. विचारतो, "काय चाललंय?" मी म्हटलं, "अभीला पत्र." "गाडीचं का? त्याला लिव्ह, गियरचीच पाटीव म्हणावं." मी दानम्माकडे बघितलं, तिने माझ्याकडे. मला वाचता येत नाही आणि त्याला तोंडावर सांगता येत नाही. मी म्हटलं, "दानम्मा, वाच. पहिल्यापासनं वाच." ती म्हणाली, "नको हो, मावशी." मी म्हटलं, "वाच."

तिने वाचलं. तो खाटेच्या कडेला बसून ऐकत होता. मी मंत्रीण झाल्याचं आलं तेव्हा हसला नाही. तू पायाचं विचारल्याचं आलं तेव्हा त्याने मान खाली घातली आणि आपल्या पायांकडे बघत राहिला, कुणाचे तरी असावेत तसा. वाचून झालं. मग म्हणाला, "दानम्माताई, भित मी बांधून देतो." एवढंच. माझ्याकडे बघितलं नाही. उठून बाहेर गेला.

चावी त्याच्या खिशात आहे. गाडीपाशी जाऊन उभा आहे, इथून दिसतो. आत बसलेला नाही, अजून तरी. मी हाक मारली नाही. काय म्हणून हाक मारू?

तू ये. रजा मिळो न मिळो. आलास की त्याला काही समजावू नकोस, नुसता चावीसाठी हात पुढे कर. मला तेवढं जमलं नाही.

जोतीरामची आई