पातेल्यातला फोन

प्रिय आई,
तुझ्या जागरणबहाद्दर लेकीचा नमस्कार.

आधी चांगली बातमी: मला झोप लागायला लागली आहे. बाबांना दवाखान्यात नेलंत तेव्हापासून मी फोन उशाशी घेऊन पडायचे. घरून काही निरोप आलाय का, म्हणून सारखी बघायचे, आणि एकदा हातात घेतला की तो सुटायचा नाही. मग दिवसा लाँड्रीत चादरींना इस्त्री करताना डुलक्या यायच्या. कुणी साधं बोललं तरी मी खेकसायचे.

शेवटी माझ्यासोबत राहणारी ताई वैतागली. तिने फोन स्वयंपाकघरात नेला आणि रिकाम्या पातेल्यात ठेवला. म्हणाली, "इथे तुझा हात पोचणार नाही, पण वाजला तर मुडदासुद्धा उठेल."

आता संध्याकाळचा चहाही सोडलाय आणि कामावरून चालत येते. भूक लागते, चिडचिडही कमी झालीय. तू झोपतेस ना? की बाबा घरी परतले तरी अजून त्यांचा श्वास ऐकत बसतेस?

काल पहाटे पातेलं खणखणलं. मी धडपडत गेले. तर बाबा. "फिरायला निघालोय, सहज केला," म्हणाले. ताईचीही झोप मोडली होती.

त्यांना रागावू नकोस. रोज करा म्हणावं. ताईला विचारलंय मी.

तुझी,
धाकटी