दोनशेचा कॅम

हेस्टिंग्ज, नेब्रास्का
११ मे १९६३

ती. लॉइडकाकांस,
सा. न. वि. वि.

सहा वर्षांनी या घरातून पत्र आलं म्हणून घाबरू नका, सगळे धडधाकट आहेत. बाबांना या पत्राचा पत्ता नाही. आईला आहे, पण ती कबूल करणार नाही.

विषय गाडीचाच. तुम्ही दोघा भावांनी आजोबांच्या धान्यकोठारात बांधलेली तीच गाडी. गेल्या वर्षी बाबांनी तिच्या इंजिनावर सुपरचार्जर चढवला, तेव्हा आता ताशी दोनशे मैल कुठे जात नाहीत असं सगळं गाव म्हणत होतं. ऑगस्टमध्ये यूटाच्या मिठाच्या मैदानावर ती १९४ ला अडली आणि पाणी उकळलं. धुराच्या नळ्यांतून हातभर ज्वाळा निघत होत्या आणि बाबांना त्यांचाच केवढा अभिमान! कॅम मात्र तोच जुना, धडाडणारा. रविवारी चर्च सुटलं की अजून अर्धं गाव तो आवाज ऐकायला आमच्या गॅरेजपाशी थांबतं.

खरं सांगायचं तर त्यांच्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू वाढतोय. डॉक्टरांनी यंदा गाडी पळवण्याचं प्रमाणपत्र कसंबसं दिलं आणि पुढच्या वर्षी मागायला येऊ नका म्हणून बजावलं. म्हणजे हा शेवटचा ऑगस्ट. मला त्यांची फार काळजी वाटते, काका. दोनशे न करता ते खाली उतरले तर जन्मभर त्या १९४ वरच बसून राहतील. तुम्ही अख्ख्या पश्चिम किनाऱ्याला कॅम घासून देता, एक आम्हालाही द्या.

लोभ होता तेवढा असावा. आटला असेल तर अर्माकाकूंकडून थोडा मागून घ्यावा.

आपली,
नेल्डा

लाँग बीच, कॅलिफोर्निया
१९ मे १९६३

चि. नेल्डा हिस,
अ. उ. आ.

तुझं पत्र वाचून काकू रडली आणि मी उगाच चष्मा पुसत बसलो. तुझं अक्षर मात्र अजून कोंबडीने उकरल्यासारखंच आहे.

त्या ज्वाळा म्हणजे दादाचं वाया गेलेलं पेट्रोल. कॅमचं काम व्हॉल्व्ह उघडायचं आणि मिटायचं. जुन्या कॅमात आत घेणारा आणि बाहेर सोडणारा, असे दोन्ही व्हॉल्व्ह बराच वेळ एकदम उघडे राहतात. साध्या इंजिनाला ते मानवतं, आणि तो धडाडणारा आवाजही त्यातूनच येतो. पण सुपरचार्जर हवा कोंबतो. पाहुण्यांना पुढच्या दाराने आत ढकलायचं आणि मागचं दार सताड उघडं ठेवायचं, मग पंगतीला बसणार कोण? दादा पहिल्यापासून कॅम कानाने निवडतो. हेच मी सहा वर्षांपूर्वी बोललो, आणि त्याच दिवशी एक फेरी मला मारू दे म्हणालो. गाडी बांधताना आम्ही दोघं होतो, चालवायला मात्र कायम तो एकटाच. त्यावर तो चारचौघांत म्हणाला की आधी इंजिनातून आवाज काढायला शिक, मग गाडीला हात लाव. असो, ते अजून लागतं.

सोबत माझ्या कारखान्याचा फॉर्म आहे. चालकाचं नाव, त्याच्यासकट गाडीचं वजन, गिअर, चाकं, सगळे रकाने आहेत. तो दादाने स्वतःच्या हाताने भरायचा. त्याशिवाय मी घासायच्या दगडावर लोखंड टेकवणार नाही.

वहिनींना नमस्कार. तुझ्यावरचा लोभ कुठे गेला नव्हता.

तुझा,
लॉइडकाका

हेस्टिंग्ज
८ जून १९६३

ती. लॉइडकाकांस,
सा. न. वि. वि.

फॉर्म जेवणाच्या टेबलावर ठेवला आणि काय होईल ते होवो म्हणून मांस-बटाटे वाढायला घेतले. बाबांनी तुमचं नाव वाचलं आणि ताट सरकवून उठले. आईने इतकंच विचारलं की डोळा जास्त महत्त्वाचा की नाक. तीन दिवस फॉर्म टेबलावर तसाच पडून होता.

चौथ्या दिवशी गाडी धान्याच्या वजनकाट्यावर चढलेली दिसली. बाबा आत हेल्मेट घालून बसले होते. सोबत भरलेला फॉर्म पाठवते आहे. शेवटचा रकाना बघा. इंजिनाकडून काय हवं, असं तुम्ही विचारलंय आणि खाली चार ओळी सोडल्या आहेत. तिथे पूर्वी दरवेळी ते आवाजाचंच लिहीत, असं तुम्हीच सांगायचात. यंदा एकच शब्द आहे, “दोनशे”.

उत्तराची वाट पाहते. लोभ आता दोन्ही बाजूंनी असावा.

आपली,
नेल्डा

लाँग बीच
२४ जून १९६३

चि. नेल्डा हिस,
अ. उ. आ.

कॅम वेगळ्या पार्सलने निघाला आहे. दादाच्या जुन्यात व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दोन्ही उंचवट्यांमध्ये एकशे सहा अंशांचं अंतर आहे, यात एकशे चौदा ठेवलं आहे. त्यामुळे दोन्ही दारं एकदम फार वेळ उघडी राहणार नाहीत. जळलेला वायू जास्त असणार म्हणून बाहेरचा व्हॉल्व्ह थोडा जास्त वेळ उघडा ठेवला आहे. सोबतच्या स्प्रिंगाही बदला. कॅम बसवताना अंश मोजायच्या चक्रावरचे आकडे तू वाच, दादाला वाचू देऊ नकोस.

एक ताकीद. इंजिन उभ्या उभ्या अगदी गुपचूप चालेल. गाव हसेल. दादा जुना कॅम परत घालायला निघेल, तेव्हा त्याचे पाने लपव.

लोभ पार्सलात घातला आहे, फोडताना सांभाळा.

लॉइडकाका

हेस्टिंग्ज
१५ जुलै १९६३

ती. लॉइडकाकांस,
सा. न. वि. वि.

गाव हसलं. रविवारी चाळीसेक माणसं जमली होती. बाबांनी कळ दाबली तर मागच्या लोकांना सुरू झालं हेही कळेना. पर्डी न्हाव्याने विचारलं की ऑर्विल, दूध काढायचं यंत्र कधी घेतलंस? बाबांचे कान लाल झाले. माणसं गेल्यावर त्यांनी पाना मागितला. मी सापडत नाही म्हटलं. तो माझ्या ॲप्रनच्या खिशात होता आणि त्यांना तो दिसतही होता.

मग ते गाडी घेऊन जुन्या धावपट्टीवर गेले. परत आले तेव्हा पाण्याच्या तापमानाची सुई खालीच होती. नळ्यांतून एक ठिणगी नाही. बाकी काय घडलं ते सांगायला तयार नाहीत, पण जुना कॅम त्यांनी तेल लावून गोणपाटात बांधला. मी आनंदाने अंगणात नाचले, हे त्यांना कळवू नका.

काकूंना साष्टांग नमस्कार. लोभाची थोडी शिल्लक ऑगस्टसाठी ठेवा.

आपली,
नेल्डा

वेंडोव्हर, यूटा
२२ ऑगस्ट १९६३

चि. लॉइड यास,
अनेक आशीर्वाद.

नेल्डा म्हणते हे पत्र मीच लिहायचं. हात मिठाने फाटले आहेत, सांभाळून घे.

काल जाताना २०३. रीतीप्रमाणे गाडी पंचांच्या ताब्यात राहिली. आज सकाळी उलट्या दिशेने २०७. सरासरी दोनशे पाच. पुन्हा लिहितो, दोनशे पाच! पाणी उकळलं नाही. सुरुवातीच्या रेघेवरचा माणूस दोनदा खिडकीशी वाकला आणि इंजिन बंद पडलंय म्हणून हातवारे करू लागला. तेव्हा मला हसू फुटलं. चौथ्या मैलाला ती अशी ओढायला लागली की मी तुझं नाव घेऊन ओरडलो. पुढे इंजिन बंद केल्यावरच्या शांततेत तो माझाच आवाज कानात घुमत राहिला, आणि त्या दिवशी चारचौघांत मी तुला काय बोललो तेही आठवलं. चूक माझी होती, लॉइड. तेव्हाही कळत होतं.

नेल्डा मिठावर गुडघे टेकून रडली. मग तिने खिशातून पाना काढून माझ्या हातात ठेवला.

जुना कॅम पाठवतो आहे, तुझ्या कारखान्याच्या दाराला टेकण लाव. माझा डोळा आता संपला, त्याचं दुःख फारसं वाटत नाही. पुढच्या ऑगस्टसाठी तुझा फॉर्म भरून सोबत जोडला आहे. शेवटच्या रकान्यात दोनशे दहा लिहिलं आहे, बघ जमतंय का. चालकाच्या रकान्यात तुझं नाव आहे. वजन मोकळं सोडलं आहे, ते तू भर, आणि अर्माच्या हातच्या ॲपल पायवर ताव मारल्यानंतरचं खरं वजन लिही.

तुझा दादा,
ऑर्विल