खाज आणि झालर

गिमारास
९ मार्च १९८६

ती. तिया पुरिंग हिच्या चरणी, दोन्ही हात खाजवण्यात गुंतल्यामुळे मनातल्या मनात सा. न. वि. वि.

तू मठात नर्स आहेस, म्हणजे देव आणि औषध दोन्ही तुझ्या हाताशी. म्हणून आधी तुलाच लिहिते. गेला आठवडाभर अंगावर पुरळ उठलंय, तेही नेमकं कापडाखालीच. छाती, पोट आणि ज्यावर माणूस बसतो तो सगळा मुलूख. हातपाय गुळगुळीत, म्हणजे चारचौघांत दाखवण्यासारखं काहीच नाही. पोहून आले की पोशाखासकट अंगावर गोडं पाणी ओतते, तर आग आणखीच भडकते.

कोच बाल्डो म्हणतात हे गजकर्ण आहे, सगळ्या पोरींना लागेल. ईस्टरनंतरच्या शनिवारी इलोइलोपर्यंत समुद्र पोहून जायची शर्यत आहे आणि पहिल्या तिघींना मनिलाच्या शिबिरात घेणार आहेत. पुरळ गेलं नाही तर माझ्या जागी सोकोर्रो उतरेल, जी बादलीत पडलेल्या मांजरीसारखी पोहते. तिया, मला मनिलाला जायचंय गं. इथे राहिले तर आंबे सुकवता सुकवता मीच सुकेन.

आईचं निदान वेगळंच. कोणीतरी माझं तोंडभर कौतुक केलं आणि मला उसोग लागला, म्हणजे कौतुकाची नजर. आता ज्याने कौतुक केलं त्याचीच थुंकी पोटाला लागल्याशिवाय उतार नाही म्हणे. तिने किनाऱ्यावरचे सगळे संशयित घरी बोलावून रांगेत उभे केले. मासळीवाली झाली, होडीवाला आर्सेनियो झाला, शेवटी फादरसुद्धा. एकेकाने अंगठा ओला करून माझ्या पोटावर टेकवला. फादर सुकी मासळी खाऊन आले होते. आर्सेनियोने दोनदा लावली, कारण त्याने कौतुकही दोनदा केलं होतं म्हणे. खाज आहे तशीच आहे, वर वास येतोय तो वेगळा.

लोभ आहेच, तो या खेपेस मलमाच्या रूपाने यावा ही विनंती.

तुझी भाची,
एर्लिंडा

सेबू
१५ मार्च १९८६

चि. एर्लिंडा, माझी लाडकी इंदाय, हिस थुंकी न लावता दिलेले अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मी मौनाच्या वेळेत वाचलं आणि मोठ्याने हसले. त्यापायी आठवडाभर भांडी घासते आहे.

हे गजकर्ण नाही आणि उसोग तर नाहीच नाही. जेलीफिशची डोळ्यांना न दिसणारी पिल्लं असतात. उघड्या अंगावरून ती निसटून जातात, पण कापडात अडकली आणि वर गोडं पाणी पडलं की डंख मारतात. पोशाख वाळला तरी डंख त्यात राहतात. दुसऱ्या कोणाला लागत नाही, तसं बाल्डोला वेगळं लिहिलं आहे.

आता खरं सांग, पोशाख माझ्या मानांगनेच, म्हणजे तुझ्या आईनेच शिवलाय ना? गुडघ्यापर्यंत, छातीला दुहेरी अस्तर, वर झालर? बहिणीला ओळखते मी. त्या झालरीत अर्धा समुद्र मावेल. तो चुलीत घाल आणि दोन तुकड्यांचा, जेमतेम पुरेल असा घे. पाण्याबाहेर आलीस की आधी पोशाख उतरव, मग समुद्राच्याच पाण्याने अंग धू, साबण नंतर. पोशाख गरम पाण्यात साबणाने धुवायचा. खाजेसाठी सोबत कॅलामाइन पाठवते.

कमी कपडे घाल असं एका ननने सांगितलंय, हे आईला माझं नाव घेऊन सांग. तिला ओरडायचं असेल तर ओरडू दे, मध्ये समुद्र आहे.

आशीर्वाद आहेतच, खाजवू मात्र नकोस.

तुझी तिया पुरिंग

इलोइलो
६ एप्रिल १९८६

ती. तिया पुरिंग हिला, आता मोकळ्या हातांनी सा. न. वि. वि.

तिसरी आले! तुझ्या सांगण्याप्रमाणे केलं आणि पुरळ गेलं ते परत आलं नाही. कोच बाल्डोंचं तोंड बंद झालं. आईचं मात्र उघडलं. बेंबी अर्ध्या प्रांताला दाखवणार का, असं विचारून तिने माझ्याशी बोलणंच टाकलं. शर्यतीला येणार नाही म्हणून शपथ घेतली.

काल मधल्या पाण्यात अंगभर कापडवाल्या पोरी होड्या धरून खाजवत बसल्या. आर्सेनियोची होडी माझ्या इतकी जवळ होती की त्याच्या वल्ह्याचा मार खायची वेळ आली. किनारा जवळ आला तर समोर कमरेइतक्या पाण्यात आई! चर्चचा झगा घालून, हातात भलामोठा टॉवेल घेऊन. मला झाकायला आली होती. पण मी उभी राहिले तेव्हा टॉवेल केव्हाच वाहून गेला होता, कारण ती दोन्ही हातांनी टाळ्या वाजवत होती. मग माझ्या उघड्या पाठीवर हात ठेवून दिसेल त्याला सांगत सुटली की ही माझी मुलगी. मी रडले, तिया, अगदी भोकाड पसरून.

तुझा लोभ मनिलाच्या पत्त्यावरही येत राहावा.

तुझी एर्लिंडा

गिमारास
८ एप्रिल १९८६

पुरिंगला मोठ्या बहिणीचे उभ्या उभ्या आशीर्वाद. उभ्या उभ्या, कारण बसता येत नाही.

पोरीला कळवू नकोस. कमरेखाली नुसती पेटले आहे. झगा, परकर, मोजे, सगळ्यात तुझी ती पिल्लं शिरली. रविवारी चर्चमध्ये पूर्ण वेळ उभी राहिले, तर फादरना वाटलं मी देवाचे आभार मानते आहे. खरं कारण जिभेवर आलं होतं, ते गिळलं. कॅलामाइनची मोठी बाटली पाठव.

एर्लिंडा गुरुवारी निघते. तिला तू म्हणालीस तसले दोन पोशाख शिवून दिलेत. कापड कितीतरी उरलंय आणि मशीनसमोर उभी राहते, पण काय शिवावं तेच सुचत नाही. पोरीशिवाय मला करमायचं नाही गं. मठातून चार दिवस सुट्टी मिळते का बघ.

तुझी मानांग