प्रायमिंगला पोर्तुगीज शब्द

६ जानेवारी, सोमवार. देवास.
रिटायर झालो म्हणून काय, पंप-कारखान्याला माझ्यावाचून चालत नाही. एक्सपोर्टचा राजवीर घरी येऊन मॅन्युअल आणि एक सॅम्पल पंप ठेवून गेला. माल मोझांबिकला जायचाय, सगळं पोर्तुगीजमध्ये हवं. बाकीचं कॉम्प्युटरने केलंय. अडलाय एकच शब्द, ‘प्रायमिंग’. म्हणजे चालू करण्याआधी पंपात पाणी भरणं. एका दिवसाचं काम. आमचे मूळ पुरुष वसईला फिरंग्यांशी लढले होते. त्यांची भाषा आम्हाला काय जड?

९ जानेवारी, गुरुवार
शब्द नाही. डिक्शनरी अगदी भिकार. प्रात्यक्षिक हवं म्हणून पंप हौदाशी मांडला. हौदातलं पाणी गढूळ, नळ गेलेला. एक्सपोर्टच्या पंपात गढूळ पाणी कसं घालायचं? देवघरातली नर्मदेच्या पाण्याची बाटली ओतली. पंप झकास चालला. सावित्रीने रिकामी बाटली धुऊन देवघरात परत ठेवली. संध्याकाळी म्हणाली, घरात दोन म्हातारी माणसं आहेत, ते पाणी असलेलं बरं, नर्मदेवर नेमावरला जाऊन येऊ. रविवारी नक्की, म्हटलं. नळालाही नर्मदाच येते म्हणतात, पण हिला कोण सांगणार.

१२ जानेवारी, रविवार
नेमावर राहिलं. कामात खंड पडला की शब्द निसटतो. पुढच्या रविवारी. सावित्री म्हणते, ‘आधी पाणी भरा’ असं सरळ लिहून टाका. टेक्निकल टर्म म्हणजे काय, ते तिला समजावण्यात दुपार गेली.

१९ जानेवारी, रविवार
शब्द अगदी टप्प्यात आलाय. सावित्रीला धाप लागते. या थंडीत नेमावर नकोच, तिच्याच भल्यासाठी. तसं सांगितलं तर म्हणाली, "अहो, रविवार कोणता, तेवढं एकदा सांगून ठेवा."

२४ जानेवारी, शुक्रवार
सावित्री गेली. सकाळी, घरीच. देवश्री रडत विचारत होती, "बाबा, आईच्या तोंडात घालायला नर्मदेचं पाणी कुठंय?"
नळाचं दिलं. नर्मदाच येते म्हणतात.

३० जानेवारी, गुरुवार
शब्द सापडला. एस्कोर्वा. लगेच राजवीरला फोन केला. तो हळूच म्हणाला, काकासाहेब, माल तर केव्हाच गेला, ‘आधी पाणी भरा’ असं सरळ लिहून दिलं, आप टेन्शन मत लो.
हे सांगायचं कुणाला? घरात माझं ऐकून घेणारं तेवढं एकच माणूस होतं.

२ फेब्रुवारी, रविवार. नेमावर.
दहावा. बसमध्ये कलश माझ्या मांडीवर होता. रविवारी म्हटलं होतं, रविवारीच आणलं तिला.
अस्थी सोडल्या. बाटली भरून घेतली. घरात आता एकच म्हातारं माणूस आहे, तरी असलेलं बरं.