उभ्याने घेतलेले सहा आकडे

प्रिय ताई,

तुझी लेक परवा कॉलेजात येऊन भेटली. तू हल्ली घरात कुणालाच हाक मारत नाहीस, म्हणाली. जेवायला बोलवायचं तरी तिच्या दारापर्यंत चालत जातेस आणि नुसती उभी राहतेस. शिलाईयंत्रावर दोन महिने चादर आहे. हे कशामुळे, ते आपल्या दोघांनाही ठाऊक आहे. आई गेली त्या दिवशी दवाखान्याच्या व्हरांड्यात, मावशी आणि मामांच्या देखत, मी तुला म्हणालो होतो, “तू हाक मारली नसतीस तर आई उठली नसती.”

मी शरीरशास्त्र शिकवणारा माणूस. त्यामुळे सांगायचं ते पायरीपायरीनेच सांगता येतं. सवयीप्रमाणे तू कंटाळलीस तरी वाच. माणूस उभा राहतो त्या क्षणी अर्धा लिटरहून अधिक रक्त पोटाकडे आणि पायांकडे उतरतं. हृदयाकडे परतणारं रक्त घटतं आणि दाब घसरू लागतो. मानेतल्या मोठ्या धमनीच्या भिंतीत हा ताण मोजणारे मज्जातंतू असतात. त्यांचे संदेश मंदावताच मेंदू एक-दोन ठोक्यांत सावध होतो. हृदय वेगाने चालू लागतं, मज्जातंतूंच्या टोकांतून आणि मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या ग्रंथींतून संप्रेरकं स्रवतात, रक्तवाहिन्या आवळल्या जातात. पुढच्या काही मिनिटांत मूत्रपिंडं आपलं रसायन सोडून ती पकड टिकवतात. उलट, वाहिन्यांचं आतलं अस्तर त्यांना सैल करणारा एक वायू अखंड तयार करत असतं. या ओढाताणीतून दाब सावरतो, आणि आपल्याला वाटतं, आपण नुसते उठलो. किती देखणी व्यवस्था आहे ही! वर्गात हे सांगताना आजही माझा खडू थांबत नाही.

वय झालं की हे सारं संथ होतं. त्यात आईची रक्तदाबाची गोळी वाहिन्या सैल ठेवणारी. आवळण्याचा हुकूम सुटायचा, पण वाहिन्यांना तो पाळता येत नसे.

मी रोज सकाळी तिचा दाब शास्त्रोक्त मोजत असे. पाच मिनिटं विश्रांती, पाठीला टेकू, हात हृदयाच्या पातळीवर, बोलायचं नाही. आई म्हणायची, “मास्तर आले, आता श्वाससुद्धा विचारून घ्यायचा.” उठलं की डोळ्यांपुढे अंधारी येते, असं तिने मला तीनदा सांगितलं. तिन्ही वेळा मी तिला खुर्चीत बसवलं, पाच मिनिटं थांबलो आणि आकडा दाखवून समजूत काढली.

परीक्षेच्या कामासाठी मी सहा दिवस बाहेरगावी होतो, तेव्हा दाब तू मोजलास. कपडे बेतायच्या टेबलाशी, आईला उभी करून. परत आल्यावर मी चिडलो, तेव्हा तू हसून म्हणालीस, “बसलेल्या माणसाचं माप घेतलं, तर तो झगा घालून आयुष्यभर बसूनच राहावं लागेल, शहाण्या!” माझ्या मोजणीत तिचा वरचा आकडा दीडशेच्या आसपास असे. तुझे होते शहाण्णव, ब्याण्णव, अठ्ठ्याण्णव, आणि पुढचे तिन्ही तसलेच.

ताई, पुढचं तुला माहीत नाही. ते सहाही आकडे मी वहीत लाल शाईने खोडले आणि समासात लिहिलं, ‘पद्धत चुकीची’. मग डॉक्टरांसाठी सुवाच्य नक्कल केली. तीत तुझे सहा दिवस कोरे सोडले. त्या नकलेतले माझे आकडे पाहून त्यांनी गोळी दुप्पट केली. नवव्या दिवशी तू नुसतं विचारलंस, “आई, हा दोरा जुळतो का बघ गं,” आणि ती उठली. चौथ्या पावलाला टेबलाची कड तिच्या डोक्याला लागली. व्हरांड्यात तुला ते वाक्य ऐकवलं तेव्हा मूळ वही माझ्या पिशवीत होती. काल ती डॉक्टरांना दाखवली. ते म्हणाले, “हे दिसले असते तर मी गोळी कमी केली असती.” मावशी आणि मामांना इथपर्यंतचं पत्र आज सकाळी मोठ्याने वाचून दाखवलं, मावशी मधेच उठून आत गेली. माफी मागायचा धीर नाही, आणि त्यासाठी लिहीतही नाही. तुझी हाक रोजच्यासारखी होती, म्हणून आई रोजच्यासारखी उठली. तिला पाडलं ते मी.

तुझाच,
धाकटा